समुद्र कोकणातही आहे, मग मॉरिशसला कशाला?

प्रश्न नाशिकच्या एका कुटुंबाचा आहे. नवरा-बायको, दोन शाळकरी मुलं आणि सत्तरीतले आई-वडील अशी सहा माणसं मॉरिशसला जायच्या विचारात आहेत. त्यांचं विचारणं थोडक्यात असं: हे ज्वालामुखीचं बेट म्हणतात, तर मुलांना ज्वालामुखी बघायला मिळेल का? समुद्र आपल्याकडेही आहे, मग एवढा खर्च करून तिथं जाण्यासारखं काय आहे? आणि गेलोच तर कधी जावं, कुठं राहावं, किती दिवस ठेवावेत?

मी भूशास्त्र शिकलो आणि पुढे सहली नेण्याच्या व्यवसायात आलो. मॉरिशसला मराठी मंडळींना घेऊन बरीच वर्षं जातोय, त्यामुळे उत्तर जरा लांबेल. माझं सांगणं एकच आहे: हॉटेल आणि बोटीची तिकिटं ठरवण्याआधी या बेटाचा डोंगर समजून घ्या. पाऊस कुठं पडेल, वारा कुठून येईल, पोहायचं कुठं, कुठल्या गावात कोण राहतं, हे सगळं त्या डोंगरावरून ठरलेलं आहे.

आधी मुलांच्या प्रश्नाचं उत्तर. मॉरिशसमध्ये जिवंत ज्वालामुखी नाही. इथला शेवटचा लाव्हा हजारो वर्षांपूर्वीच वाहून थंड झाला. धुमसणारं मुख हवं असेल तर ते शेजारच्या रियुनियन बेटावर, सुमारे दोनशे किलोमीटरवर आहे. तिथला पितों द ला फुर्नेझ हा जगातल्या सर्वांत जागत्या ज्वालामुखींपैकी एक. पण रियुनियन हा फ्रान्सचा भाग आहे, प्रवेशाचे नियम वेगळे आहेत, आणि डोंगरावरची चाल आजी-आजोबांना झेपणारी नाही. या खेपेला तो विचार बाजूला ठेवा.

पण मुलांना सांगण्यासारखी याहून मोठी गोष्ट आहे. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी महाराष्ट्राच्या जागी जमिनीतून लाव्हाचे थरावर थर बाहेर आले आणि दख्खनचं पठार तयार झालं. तुमच्या नाशिकचे ब्रह्मगिरी, अंजनेरी, तिकडे कळसूबाई, सगळे त्याच लाव्हाचे. बहुतेक भूशास्त्रज्ञ असं मानतात की हा लाव्हा पृथ्वीच्या पोटातल्या ज्या तप्त जागेवरून आला, ती जागा आज रियुनियनखाली आहे. जागा साधारण तिथंच राहिली, वरचं कवच सरकत गेलं. पेटत्या मेणबत्तीवरून कागद हळूहळू सरकवला की डागांची रांग उमटते, तशी लक्षद्वीप, मालदीव, चागोस अशी समुद्रतळावरच्या डोंगरांची रांग उमटत गेली. अगदी अलीकडच्या टोकाला मॉरिशस आणि रियुनियन आहेत. म्हणजे सह्याद्री आणि मॉरिशस एकाच आगीचे. वयात मात्र काही कोटी वर्षांचं अंतर. मॉरिशसचे सर्वांत जुने खडक 80-90 लाख वर्षांचे आहेत.

2017 मध्ये यात आणखी एक भर पडली. इथल्या ज्वालामुखी खडकात झिरकॉन नावाच्या खनिजाचे बारीक स्फटिक सापडले आणि त्यांचं वय निघालं तब्बल तीनशे कोटी वर्षांपर्यंत. इतके जुने स्फटिक इतक्या तरुण बेटाचे असूच शकत नाहीत. त्याचा अर्थ शास्त्रज्ञांनी असा लावला की बेटाच्या खाली एका फुटलेल्या प्राचीन भूखंडाचा तुकडा दबलेला असावा आणि वर येताना लाव्हानं त्याचे कण सोबत आणले. विमानात सहा-सात तास बसायचंय, तेव्हा मुलांना ही गोष्ट सांगा. पोहोचेपर्यंत त्यांचे प्रश्न तयार असतील.

आता बेटाचा आकार डोळ्यांसमोर आणा. मुख्य बेट जेमतेम 1,865 चौरस किलोमीटर, आपल्या एखाद्या मोठ्या तालुक्याएवढं. सुरुवातीला इथं एकच प्रचंड, पसरट ज्वालामुखी होता. त्याचा माथा खचला, झिजला आणि कडेच्या भिंतीचे तुकडे तेवढे उरले. राजधानी पोर्ट लुईच्या मागची डोंगररांग, आग्नेयेची ग्रां पोर रांग, नैर्ऋत्येचे ब्लॅक रिव्हरचे डोंगर हे ते तुकडे. मधल्या खोलगट जागेत नंतरच्या उद्रेकांचा लाव्हा भरत गेला आणि पठार तयार झालं. म्हणून कुठंही उभं राहिलात तरी क्षितिजावर सुटे-सुटे, चमत्कारिक आकाराचे सुळके दिसतात. उंची फार नाही, सर्वांत उंच शिखर 828 मीटरचं; पण समुद्रापासून थेट उठत असल्यामुळे ते आहेत त्याहून उंच वाटतात. डोक्यावर गोल धोंडा तोलून उभा असलेला पीटर बोथ मुलांनी एकदा ओळखला की पुढं उत्तरेकडच्या प्रत्येक रस्त्यावर तेच तो दाखवत बसतील.

या पठाराचा पावसाशी थेट संबंध आहे. वारा वर्षभर मुख्यतः आग्नेयेकडून येतो, पठारावर चढतो आणि तिथं पाऊस टाकतो. मधल्या उंच भागात वर्षाला सुमारे 4,000 मिलिमीटर, पश्चिम किनाऱ्यावर जेमतेम 900. घाटमाथा भिजलेला आणि पलीकडचा देश कोरडा, हे आपल्याला सांगावं लागत नाही. इथं फक्त दिशा उलटी, पाऊस पूर्वेकडून येतो आणि पश्चिम कोरडी राहते. पठारावरच्या कुर्पिप गावात स्वेटर घालून धुक्यात उभे असता तेव्हा पंचवीस किलोमीटरवर फ्लिक आं फ्लाकच्या किनाऱ्यावर लोक उन्हात पोहत असतात. म्हणून सकाळी हॉटेलवर पाऊस दिसला की दिवस वाया गेला असं समजू नका. गाडी डोंगराच्या दुसऱ्या बाजूला न्या.

यातूनच मुक्कामाची जागा ठरते. मे ते सप्टेंबर हा तिथला हिवाळा. वारा जोरात असतो आणि पूर्व किनाऱ्यावर तो सरळ अंगावर येतो. छायाचित्रांत बेल मारचा पांढरा किनारा फार सुंदर दिसतो, आहेही. पण जुलैत तिथं वृद्ध माणसांना बाहेर बसवत नाही. त्या महिन्यांत पश्चिमेला किंवा उत्तरेला, फ्लिक आं फ्लाक किंवा त्रू ओ बिशच्या आसपास राहा. नोव्हेंबर ते मार्च उकाडा असतो, तेव्हा पूर्वेचा तोच वारा सुखाचा वाटतो. हंगामाचा विचार न करता पूर्वेचं स्वस्त पॅकेज गळ्यात मारलं जातं, तेव्हा बुकिंगच्या वेळी हे जरूर विचारा.

महिना निवडायचा तर शाळेच्या सुट्ट्या तुमच्या बाजूच्या आहेत. दिवाळीची सुट्टी सर्वांत चांगली: ऑक्टोबर हा तिथला कोरडा महिना, पाणी कोमट होत आलेलं, वारा उतरलेला. दुसरी पसंती मे महिन्याची. डिसेंबर-जानेवारीत गर्दी आणि भाव दोन्ही चढतात आणि साधारण नोव्हेंबर ते एप्रिल हा वादळांचाही काळ. त्या काळात गेलात तर घाबरू नका, पण इशाऱ्यांची पद्धत माहीत असू द्या. तिथं 1 ते 4 असे वर्ग असतात. 3 लागला म्हणजे बाहेर पडायचं नाही, आहात तिथंच राहायचं. स्थानिक लोक हे अत्यंत शिस्तीनं पाळतात. जानेवारी 2024 च्या बेलाल वादळात पोर्ट लुईच्या रस्त्यांवर मोटारी वाहून गेल्या होत्या, त्यामुळे ही शिस्त कशासाठी आहे ते कळतं.

समुद्र कोकणातही आहे हे अगदी खरं, पण हा समुद्र वेगळा आहे. बेटाभोवती सुमारे दीडशे किलोमीटर लांबीची प्रवाळांची भिंत आहे. मोठ्या लाटा तिच्यावर बाहेरच फुटतात आणि आत उथळ, शांत, तळ दिसणारं पाणी राहतं. काळ्या बेसाल्टच्या, म्हणजे थिजलेल्या लाव्हाच्या, बेटावर वाळू पांढरी कशी, हे मुलांना विचारून बघा. ती खडकाची नाही, प्रवाळांच्या आणि शिंपल्यांच्या भुग्याची आहे. सत्तरीतली आजीही कमरेएवढ्या पाण्यात निर्धास्त उभी राहू शकते, असा समुद्र आपल्याकडे सहसा नाही. दोन गोष्टी मात्र सांभाळा. पायात रबरी बूट हवेतच, कारण तळाशी काटेरी समुद्री साळिंदरं असतात आणि क्वचित दगडमासाही. त्याचा काटा विषारी असतो. दुसरं, ही भिंत सलग नाही. नद्यांचं गोडं, गढूळ पाणी जिथं समुद्राला मिळतं तिथं प्रवाळ वाढत नाहीत आणि खिंड राहते. तिथं ओढ असते. दक्षिणेला सुयाकजवळच्या ग्री ग्रीला तर भिंत नाहीच. खुला महासागर काळ्या कड्यावर येऊन आदळतो. बघायला जरूर जा, कड्यापासून लांब उभे राहा आणि पाण्यात पाऊलही टाकू नका.

नैर्ऋत्य टोकाच्या ल मोर्नच्या कड्याजवळ समुद्रात धबधबा कोसळतोय असं चित्र तुम्ही मोबाइलवर पाहिलं असेल. पाण्याखालचा तो वाळू-गाळाचा उतार आहे आणि तो आकाशातूनच तसा दिसतो. किनाऱ्यावरून किंवा बोटीतून काहीही दिसत नाही. हेलिकॉप्टरचा खर्च करायचा नसेल तर ती इच्छा सोडून द्या. बोटीतून दाखवतो म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका.

आता आतला भाग. बहुतेक सहली 'दक्षिण दर्शन' नावाखाली कुर्पिपचं ज्वालामुखी-मुख, गंगा तलाव, दरीचा देखावा, शामारेल आणि वर दोन-तीन दुकानं एकाच दिवसात कोंबतात. आई-वडील सोबत असताना हे करू नका, दोन दिवस द्या आणि दुकानं वगळा.

कुर्पिपच्या मधोमध त्रू ओ सेर हे विझलेलं मुख आहे. सुमारे तीनशे मीटर रुंद आणि ऐंशी मीटर खोल वाटीच्या तळाशी थोडं पाणी, उतारावर दाट झाडी. गाडी थेट काठापर्यंत जाते आणि काठावरून सगळी डोंगररांग दिसते. सकाळी लवकर जा, नंतर ढग उतरतात. मुलांना ज्वालामुखीच्या तोंडात डोकावल्याचं समाधान इथं मिळेल. गंगा तलावही अशाच एका मुखात साठलेलं पाणी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून लोक महाशिवरात्रीला तिथं पायी जाऊ लागले. 1972 मध्ये भारतातून गंगाजल आणून त्यात मिसळलं गेलं. आज महाशिवरात्रीला लाखो माणसं खांद्यावर सजवलेल्या कावडी घेऊन दिवसरात्र चालत येतात. तो सोहळा बघायचाच असेल तर गोष्ट वेगळी. एरवी त्या आठवड्यात गाडीनं दक्षिणेला जाण्याचा बेत आखू नका. 108 फुटी शंकराची मूर्ती लांबूनच दिसते, पण आईंना तलावाच्या काठच्या देवळांपाशी जास्त वेळ द्या. शाल बरोबर हवी, वारा बोचरा असतो.

शामारेलची सात रंगांची माती छोटीशी जागा आहे, अर्ध्या तासात बघून होते. तरी मला ती फार आवडते. बेसाल्ट उष्ण-दमट हवेत वर्षानुवर्षं कुजत गेला, त्यातली सिलिका धुऊन गेली आणि लोह नि ॲल्युमिनियमची संयुगं मागं राहिली. लोहाची लाल-तपकिरी छटा, बाकीची निळसर-जांभळी. आपल्या कोकणातला जांभा जवळजवळ याच प्रक्रियेनं बनलेला आहे. रंग उन्हातच उठून दिसतात, त्यामुळे ढगाळ वेळी घाई न करता आधी तिथला धबधबा बघून घ्या. सुयाककडे गेलात तर रोचेस्टर धबधब्यावर दहा मिनिटं थांबा: पाण्यामागं बेसाल्टचे उभे खांब आहेत, आपल्या अंधेरीच्या गिल्बर्ट हिलसारखे. लाव्हा सावकाश थंड होताना आकसला आणि असा उभा तडकला.

ब्लॅक रिव्हर दरीच्या राष्ट्रीय उद्यानाबद्दल थोडं मनापासून सांगायचंय. बेटावर माणूस उशिरा वसला. डच 1598 मध्ये उतरले, नंतर फ्रेंच आले, 1810 मध्ये इंग्रज. एवढ्या थोड्या काळात मूळ अरण्य जवळजवळ संपलं. आबनूस तोडला गेला, मग उसासाठी जमीन साफ झाली. डोडो पक्षी तर सतराव्या शतकातच संपला. पोर्ट लुईच्या संग्रहालयात त्याचे अवशेष आहेत. आज उरलेल्या रानात बाहेरून आलेला लाल पेरू इतका माजलाय की मूळ रोपांना उजेड मिळत नाही. हंगामात लोक तो आवडीनं तोडून खातात, तुम्हीही खाल. पण मुलांना हे सांगा. आणि दुसरी बाजूही सांगा: 1974 मध्ये मॉरिशसच्या रानातला छोटा ससाणा अवघे चार उरले होते. तिथल्या संवर्धकांनी अंडी उबवून, पिल्लं वाढवून तो परत रानात सोडला. गुलाबी कबुतरही असंच वाचलं. ही कबुतरं बघायला माएबूरजवळच्या इल ओ एग्रेत बेटावर जा. वाटाड्यासोबतच जाता येतं, माणसं मोजकी असतात आणि मोकळी फिरणारी महाकाय कासवं पाहून मुलं खूष होतात. जुलै 2020 मध्ये वाकाशिओ हे जहाज याच परिसरात प्रवाळांवर चढलं आणि ऑगस्टमध्ये त्यातलं तेल सांडलं, तेव्हा लोकांनी उसाचं पाचट पोत्यांत भरून समुद्रात तरंगते बांध घातले होते.

डॉल्फिन दाखवणाऱ्या बोटींबद्दल माझं मत कडक आहे. तामारेंच्या उपसागरात सकाळी अनेक बोटी एका कळपाला घेरतात आणि माणसं पाण्यात उड्या मारतात. डॉल्फिन विश्रांतीसाठी तिथं येतात. बोटवाल्याला आधीच सांगा की लांबून बघू, पाठलाग नको. ऐकत नसेल तर दुसरी बोट घ्या.

रस्त्यानं जाताना उसाच्या शेतांत काळ्या दगडांचे मोठाले ढीग दिसतील, काही तर देवळाच्या जोत्याएवढे. लाव्हाच्या जमिनीत ऊस लावायचा तर आधी दगड वेचावे लागतात. तो प्रत्येक दगड कुणीतरी हातानं उचललेला आहे: आधी आफ्रिका आणि मादागास्करहून आणलेल्या गुलामांनी, आणि 1835 मध्ये गुलामगिरी संपली त्या सुमारापासून करारावर आणलेल्या भारतीय मजुरांनी. 2 नोव्हेंबर 1834 ला 36 मजूर घेऊन अ‍ॅटलस जहाज पोर्ट लुईला लागलं. पुढं 1920 पर्यंत जवळपास साडेचार लाख माणसं आली. ती जिथं उतरली तो आप्रवासी घाट 2006 पासून जागतिक वारसास्थळ आहे. घाटाच्या दगडी पायऱ्या आजही आहेत. याच्याइतकंच महत्त्वाचं ल मोर्न: 556 मीटरचा तो कडा पळून आलेल्या गुलामांचा आसरा होता आणि तोही 2008 पासून वारसा यादीत आहे. पहिला टप्पा रुंद वाटेचा आहे, तुम्ही आणि मुलं सहज जाल; वरचा टप्पा खडा आहे, वाटाड्याशिवाय नको.

त्या साडेचार लाखांत मराठी माणसंही होती, आजच्या रत्नागिरी-सिंधुदुर्गातून आणि साताऱ्याकडून मुंबई बंदरातून निघालेली. त्यांचे वंशज आज मुख्यतः बेटाच्या पश्चिमेला आणि पठारावर आहेत. गणेश चतुर्थीला देशभर सार्वजनिक सुट्टी असते. विसर्जन नदीत किंवा समुद्रात होतं आणि आपल्या जाखडीचं तिथं टिकलेलं रूप, झाकरी, नाचलं जातं. कास्कावेलला महाराष्ट्र भवन आहे आणि तिथं 2023 मध्ये शिवाजी महाराजांचा पुतळा बसवला गेला. मोका या गावातल्या महात्मा गांधी संस्थेत मराठी शिकवलं जातं. तुमचे वडील तिथल्या वयस्कर मंडळींशी मराठीत बोलू शकतील. तरुण मात्र बहुतेक क्रिओलमध्ये, म्हणजे फ्रेंचमधून घडलेल्या तिथल्या बोलीत, बोलतात आणि त्यात त्यांना काही कमीपणा वाटत नाही, आपणही वाटवून देऊ नये. 'तुमचं मूळ गाव कुठलं' हा प्रश्न जपून विचारा. अनेकांना ते ठाऊक नसतं, आणि काही जण अजून कागदपत्रांत शोधतायत.

खाण्याची चिंता तुम्ही विचारलेली नाही, पण शाकाहारी मंडळी ती करतातच. रस्त्यावरची ढोल पुरी खा. डाळीचं सारण भरलेली, पुरणपोळीसारखी मऊ पण तिखटा-मिठाची, जोडीनं देतात, सोबत रस्सा आणि चटणी. डाळीचे वडे 'गातो पिमां' पावात घालून मिळतात. थंड फालुद्याला आलूदा म्हणतात. हॉटेलच्या बुफेपेक्षा पोर्ट लुईच्या बाजारात तुमचं पोट जास्त आनंदानं भरेल.

दिवस सात ठेवा, पाच कमी पडतात. भारतीयांना पर्यटनासाठी आधी व्हिसा काढावा लागत नाही; परतीचं तिकीट, मुक्कामाचं बुकिंग आणि निघण्यापूर्वी भरायचा ऑनलाइन प्रवास-अर्ज मात्र लागतो. नियम निघण्याच्या आठवड्यात पुन्हा तपासा. आई-वडिलांची औषधं मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह न्या. झोपेच्या आणि तीव्र वेदनाशामक गोळ्यांबाबत तिथले कायदे फार कडक आहेत. गाड्या आपल्यासारख्याच डावीकडून चालतात, तरी पठारावरच्या वळणांना धुकं असतं. सहा जणांसाठी चालकासह मोठी गाडीच बरी. पोर्ट लुई ते कुर्पिप मेट्रोत एकदा जरूर बसा, किनाऱ्यावरून पठारावर कसे चढतो ते खिडकीतून कळतं.

पोर्ट लुई कामाच्या दिवशी बघा, रविवारी ते बरंचसं बंद असतं. रविवार समुद्रावर घालवा. त्या दिवशी तिथली कुटुंबं पातेली भरभरून जेवण घेऊन सार्वजनिक किनाऱ्यावर येतात, झाडाखाली चटया पसरतात आणि कुठंतरी बकऱ्याच्या कातड्याचा रावान हा डफ वाजू लागतो, सेगा हा तिथला नाच सुरू होतो. फ्लिक आं फ्लाकला राहिलात तर हे हॉटेलच्या फाटकाबाहेर चालत जाऊन बघता येईल.